पाहुणचार पुरे

पाडव्याच्या कार्यक्रमात जेवणाआधीचं भाषण कुणी फारसं ऐकत नाही. परवाचं मात्र ऐकलं गेलं. तेलंगणातल्या आदिलाबादेतले आमचे एक मराठी ज्येष्ठ बोलायला उभे राहिले. अर्धं गाव त्यांना काका म्हणतं, मीही म्हणतो. ते म्हणाले, “आपण इथं पाहुणे आहोत. राज्य त्यांचं, नगरपालिका त्यांची. पाहुण्यानं यजमानाच्या नळाची आणि नालीची उठाठेव करू नये. आपली भाषा, आपले सण, आपली देवळं एवढं सांभाळलं तरी पुष्कळ.” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, सवयीनं. रात्री झोप लागेना तेव्हा कळलं की श्रीखंड बाधलं नव्हतं, ते वाक्य बाधलं होतं.

काकांचा राग करावा असं काही नाही. ते सभ्य आहेत, कुणाच्या अध्यातमध्यात नसतात आणि त्यांच्या मताला मी भित्रेपणा म्हणणार नाही. ते मत या गावातल्या निम्म्या मराठी घरांचं आहे. शिवाय पैनगंगेपलीकडून, महाराष्ट्रातून येणारे वक्तेही आम्हाला ‘सीमेपलीकडचे बांधव’ म्हणून जाताना तेच मत पक्कं करून जातात. बांधव म्हटलं की मायेनं पाठीवर हात ठेवता येतो. नळाला पाणी किती वाजता येतं हे विचारावं लागत नाही. म्हणूनच हा वाद चारचौघांत घातलेला बरा.

पाहुणा कुठून तरी येतो, हे पहिलं. काकांचे आजोबा कुठून आले? कुठूनच नाही. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर मंडळ काढून मुंबई राज्याला दिलं. त्याच कायद्यानं नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळं इकडे आली. माणसं होती तिथंच राहिली, हलला तो कागद. आजोबा त्याच घरात, त्याच ओसरीवर बसून आधी हैदराबाद राज्यात होते, मग आंध्र प्रदेशात गेले. काका स्वतः २ जून २०१४ ला तेलंगणात गेले, तेही ओसरीवर बसूनच. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, जिल्ह्याचे चार तुकडे झाले आणि निर्मल, मंचिर्याल, आसिफाबाद वेगळे झाले. एका पायरीवर बसून इतकी सरकारं पाहणाऱ्याला पाहुणा म्हणायचं, तर शेजारच्या तेलुगू आजींनाही म्हणावं लागेल. त्यांनीही तेवढीच पाहिली आहेत.

कुणी म्हणेल, मग गावातली नावंच पाहा ना. हमालवाडा, कोळीपुरा, ब्राह्मणवाडा, बट्टीसावरगाव ही नावं पाहुण्यांनी ठेवली का? हा पुरावा मी मुद्दाम पुढे करत नाही. आधी कोण आलं ही शर्यत एकदा लावली की इथले आदिवासी गोंड आणि कोलाम आपल्या सगळ्यांना कितीतरी मागे टाकतात, आणि मग मराठी काय नि तेलुगू काय, सगळ्यांनाच पाटावर बसून पाहुणचार घ्यावा लागेल. माझं म्हणणं साधं आहे. जो इथं राहतो, घरपट्टी भरतो आणि ज्याच्या घरचं सांडपाणी इथल्या नालीतून वाहतं, तो इथला. घरपट्टी भरणारा पाहुणा मी तरी कुठल्या लग्नात पाहिलेला नाही.

काकांचं दुसरं म्हणणं भाषणात आलं नव्हतं, पण ओसरीवर नेहमी येतं: महाराष्ट्रात गेलो असतो तर ही वेळ आली नसती. याला उत्तर द्यायला मला लांब जावं लागत नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे जवळपास चार वर्षं देशातली सगळ्यात श्रीमंत महापालिका एकाही नगरसेवकाविना प्रशासकानं चालवली. तिथं मराठी माणूस पाहुणा होता का? आमच्या नगरपालिकेच्या सभागृहाची पाच वर्षं जानेवारी २०२५ मध्ये भरली आणि इथंही कारभार विशेष अधिकाऱ्याकडे गेला. त्या दिवशी मराठी, तेलुगू, उर्दू सगळे सारखेच बिननगरसेवकाचे झाले. लोकांना विचारायचं नसतं तेव्हा सरकार भाषा बघत नाही.

उलट बाजूचंही ऐका. नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद-बिलोलीकडच्या गावांनी आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणी केली होती. अस्सल मराठी गावं ती. त्यांचं कारण भाषेचं नव्हतं. इकडे २०१८ पासून शेतकऱ्याला एकरी हंगामाला चार हजार रुपये मिळू लागले होते आणि ते त्यांना बांधावरून दिसत होते. काका त्यांना फितूर म्हणतील का? त्या लोकांनी फक्त हिशेब केला: आपल्या गल्लीपर्यंत काय पोचतं आणि काय पोचत नाही. एवढा हिशेब आपण आदिलाबादेत बसून केला तरी पुरे.

आणि दोन्ही राज्यं ‘आमची, आमची’ म्हणतात तेव्हा काय होतं तेही आपल्याच जुन्या जिल्ह्यात पाहायला मिळतं. महाराष्ट्रातलं जिवती आणि आपल्याकडचं केरामेरी यांच्यामधल्या डोंगरावर परमडोली, महाराजगुडा, अंतापूर अशी चौदा गावं आहेत. दोन्ही राज्यांचा त्यांच्यावर हक्क. माणसांकडे दोन मतदार ओळखपत्रं, दोन रेशनकार्डं, गावाला दोन सरपंच, दोन शाळा. जमिनीच्या पट्ट्यासाठी मात्र तीच माणसं वर्षानुवर्षं खेटे घालत आली आहेत. दोन यजमान असूनही त्यांची अडचण आपल्यासारखीच आहे, म्हणजे अडचण यजमानात नसावी.

आता मुख्य मुद्दा. ‘नगरपालिका त्यांची’ हे काकांचं वाक्य. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं वॉर्ड समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाखांच्या वरच्या शहरांना. २०११ च्या जनगणनेत आदिलाबाद होतं एक लाख सतरा हजारांचं. म्हणजे घटनेच्या त्या कलमानं आपल्याला काहीच दिलं नव्हतं. दिलं ते या परक्या म्हटल्या जाणाऱ्या राज्यानं. तेलंगणाच्या २०१९ च्या नगरपालिका कायद्यानं प्रत्येक वॉर्डात चार समित्या सांगितल्या: तरुणांची, महिलांची, ज्येष्ठ नागरिकांची आणि प्रतिष्ठितांची. प्रत्येकीत पंधरा माणसं. आपल्या नगरपालिकेत वॉर्ड ४९. आकडेमोड करा: एका वॉर्डात साठ, गावात २९४०. शहर नंतर वाढलं असं धरलं तरी पन्नासेक माणसांमागे एकाला समितीत जागा आहे. लग्नात आहेर लिहायला बसणारे याहून कमी असतात.

२०२० च्या सुरुवातीला, राज्याची शहरांसाठीची ‘पट्टण प्रगती’ मोहीम निघाली त्या दिवसांत, मी आमच्या गल्लीत या समित्यांसाठी नावं गोळा करत फिरलो. अजूनही ते आठवलं की हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं. पहिल्या घरी उत्तर मिळालं, “आपल्याले कोन विचारते तिथं?” दुसऱ्या घरी, “नाव देलं का उद्या दुसऱ्या पार्टीवाला नाराज.” तिसरा माणूस कापसाचा व्यवहार करणारा, आवाजाचा खणखणीत. तो म्हणाला, “मले तेलुगू बरोबर येत नाही, मी काय बोलू मीटिंगमदी?” त्याच माणसाला मी मार्केट यार्डात पाहिलेलं आहे. कापसाची गाडी लागली, यंत्रानं ओलावा मोजला आणि आकडा आठच्या वर गेला की सीसीआयच्या भावात कपात सुरू होते, बाराच्या वर गेला तर खरेदीच नाही. अशा वेळी हा माणूस “तेमा एंता?” (ओलावा किती?) म्हणून जो सुरू होतो तो निम्मं तेलुगू, पाव उर्दू आणि उरलेली आपली बोली अशा भाषेत अर्ध्या टक्क्यासाठी तासभर भांडतो. आणि बहुतेक वेळा काहीतरी पदरात पाडून घेतो. तिथं त्याला व्याकरण आडवं येत नाही. (बाहेरच्या वाचकासाठी: आमच्याकडे सीसीआय दोन. एक कापूस घेणारं, दुसरं सिमेंटचं, ज्याचा कारखाना कधीचा बंद पडून आहे. तरुण पोरं पहिल्याला शिव्या घालतात, म्हातारे दुसऱ्याची आठवण काढतात.)

त्या संध्याकाळी माझ्या कागदावर चार नावं होती, त्यातलं एक माझं. आणि एक आमच्या शेजारच्या बाईंचं. त्यांनी नवऱ्याला न विचारता सही केली आणि “लिहा, बचत गटाच्या बैठकीत मी बोलते तशी इथं बोलीन” असं सांगितलं. त्यांच्या सहीची मला कागदावरच्या बाकी तिन्हीपेक्षा जास्त खात्री वाटली, माझ्या स्वतःच्या सहीपेक्षाही.

समित्या कागदावरच राहतात, हा आक्षेप मला मान्य आहे. नावं सत्ताधाऱ्यांच्या मर्जीनं पडतात, बैठका होत नाहीत, आणि त्याच २०१९ च्या कायद्यानं निवडून आलेल्यांच्या डोक्यावर कलेक्टरला भलतेच अधिकार देऊन ठेवलेत हेही खरं. तो कायदा काही लोकशाहीचा अभंग नव्हे. महाराष्ट्रानंही २००९ मध्ये क्षेत्रसभांचा कायदा केला. तो तिकडच्या किती गल्ल्यांना ठाऊक आहे हे तिकडच्याच पाहुण्यांना विचारा. पण कागदावरची खुर्ची रिकामी आहे म्हणून आपण तिच्याकडे पाठ करायची, आणि पाठ केली म्हणून ती रिकामी राहते, या फेऱ्यात पहिलं पाऊल कुणाचं हे शोधण्यात मला रस नाही. एवढं माहीत आहे की खुर्चीवर कुणी बसायलाच गेलं नाही तर मर्जीतल्या माणसांना ती घेताना ओशाळवाणंही वाटत नाही.

काकांचं तिसरं म्हणणं मला सगळ्यात जास्त खुपतं, कारण त्यात आपलं कौतुक आहे. सण सांभाळा, देवळं सांभाळा. सांभाळतोच आहोत. गणेशोत्सवात आमच्या गल्लीतली पोरं काय करतात ते पाहा: घरोघर वर्गणी, पावतीपुस्तक, पोलिसांची परवानगी, विजेची तात्पुरती जोडणी, मंडपाची बोली, विसर्जनाचा मार्ग, महाप्रसादाला चार कढया भात आणि शेवटी नारळासकट पै-पैचा जाहीर हिशेब. एखाद्यानं पन्नास रुपये कमी दिले तर पुढच्या वर्षीपर्यंत लक्षात राहतं. इतकं सगळं येणाऱ्या माणसाला आपल्या घरपट्टीचं काय झालं हे मात्र विचारता येत नाही? मंडपासमोरची नाली दहा दिवस आरशासारखी असते. अकराव्या दिवशी त्याच नालीत प्रसादाच्या पत्रावळी आणि पिशव्या जातात. त्या टाकायला बाहेरून कुणी येत नाही.

पोळ्याचे बैल मिरवतात तेव्हा तेलुगू घरंही दारात येतात, कारण तीच अमावास्या त्यांचीही आहे. ते तिला पोलाल अमावास्या म्हणतात. भाद्रपदाच्या अमावास्येला तेलुगू घरांत फुलांची बतुकम्मा मांडली जाते, त्याच सुमारास आपल्याकडे भुलाबाईची गाणी चालू असतात आणि बायका एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जातात. फुलांच्या त्या रिंगणात आमच्या घरच्या बायकांना कुणी “तुम्ही पाहुण्या” असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. पाहुणेपणाची ही कल्पना पुरुषांच्या ओसरीवरच वाढलेली दिसते. अंगणात तिला थारा नाही.

राहिली भाषा. काकांना भीती वाटते की नगरपालिकेच्या पायऱ्या चढायच्या तर तेलुगू शिकावं लागेल, आणि तेलुगू शिकलं की मराठी जाईल. २०१८ मध्ये राज्यानं शाळांत तेलुगू सक्तीचं केलं तेव्हा आपल्याकडे केवढी चर्चा झाली होती! सक्ती हा शब्द मलाही रुचत नाही. पण सात-आठ वर्षांत माझ्या डोळ्यांसमोर जी घरं मराठी शाळेतून बाहेर पडली, त्यातलं एकही तेलुगू शाळेत गेलं नाही. ती सगळी गेली कॉन्व्हेंटमध्ये, टाय लावून. तिथं तेलुगूही धड येत नाही आणि मराठीही. मराठी खाल्ली ती शेजारच्या भाषेनं नव्हे, हे काकांनाही ठाऊक आहे. त्यांचा नातू ‘आजोबा’ ऐवजी काय म्हणतो हे मी इथं लिहिणार नाही.

उलट, ज्या घरात एका पोराला तेलुगू वाचता येतं, त्या घराला भिंतीवर चिकटवलेली सूचना वाचता येते, सरकारी कामांच्या मीसेवा केंद्रावर कुणाच्या पाया पडावं लागत नाही, आणि तरीही जेवताना ते घर मराठीत भांडतं. आपल्या जिल्ह्यात हा धडा जुना आहे. १९४० मध्ये जोडेघाटला निजामाविरुद्ध उठलेला गोंड नेता कुमरम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारला जाग आली आणि हैमेनडॉर्फ नावाचा मानववंशशास्त्रज्ञ गोंडांमध्ये कामाला लागला. त्यानं १९४३ च्या सुमारास मारलवाईला गोंड शिक्षक घडवायला घेतले. पहिली पुस्तकं गोंडी भाषेत होती आणि लिपी होती देवनागरी. आपली भाषा न सोडता सरकारी कागद वाचायला शिकायचं, हे त्या मारलवाईच्या पोरांनी केलं. आपण त्यांच्यापेक्षा कमी शिकलेले आहोत का?

आणि मराठीतच बोलायचं असेल, तरी वाट बंद नाही. घटनेचं ३५० वं कलम सांगतं की गाऱ्हाणं मांडणाऱ्याला संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत निवेदन देता येतं. त्याच भाषेत उत्तर मिळेलच असं त्यात नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशभर मान्य झालेल्या संरक्षणांत आणखी एक गोष्ट आहे: जिल्ह्यात किंवा त्याखालच्या भागात ज्यांची संख्या किमान पंधरा टक्के, त्यांच्या भाषेत महत्त्वाच्या सूचना भाषांतर करून काढाव्यात. आपण पंधरा टक्के आहोत की नाही हे कोण ठरवणार? जनगणनेचा माणूस दारात येईल तेव्हा आपण मातृभाषा काय सांगतो त्यावर ते ठरेल. मागच्या खेपेला “लिहा काहीही” म्हणणारे महाभाग मला माहीत आहेत. त्यांच्या घरी ज्ञानेश्वरी आहे.

दर सोमवारी कलेक्टर कचेरीत गाऱ्हाणी ऐकण्याची ‘प्रजावाणी’ असते. तिथली रांग काकांनी एकदा येऊन पाहावी. उटनूर-इंद्रवेल्लीकडून पहाटेची बस धरून आलेल्या बायका, हातात वेडावाकडा अर्ज, कुणाची पेन्शन अडलेली, कुणाची जमीन. त्यांना तेलुगू आपल्याइतकंच अडखळत येतं. तरी त्या बोलतात. केसलापूरला नागोबाच्या जत्रेत भरणारा दरबारही असाच आहे. पौषातल्या अमावास्येला मेस्रम हे गोंड कुळ पूजा करतं आणि मग अधिकारी मांडवात बसून गाऱ्हाणी ऐकतात. हा दरबार १९४० च्या दशकात हैमेनडॉर्फच्या काळात सुरू झाला, निजाम गेला, राज्यं बदलली, तरी चालू आहे. त्यातली किती गाऱ्हाणी मिटतात हा वेगळा प्रश्न. पण या मातीत सरकारला वर्षातून एकदा तरी देवळाच्या दारात येऊन बसावं लागतं, ही रीत ज्यांनी पाडली त्यांच्याजवळ बांधाचा दगड सोडता दुसरं काही नव्हतं. आपल्याकडे दुकानं आहेत, वकील आहेत, मास्तर आहेत, चार भाषा आहेत. आणि आपण म्हणतो, आम्ही पाहुणे.

पैनगंगेपलीकडून माणसं कापूस घेऊन येतात, आजारी माणसाला इथल्या रिम्स रुग्णालयात दाखवतात आणि संध्याकाळच्या गाडीनं पांढरकवड्याला परत जातात. पाहुणे म्हणायचं तर त्यांना म्हणा. त्यांचं स्वागत आहे.

पुढच्या वेळी वॉर्डात समित्यांसाठी नावं मागवतील तेव्हा ज्येष्ठ नागरिकांच्या यादीत मी काकांचं नाव घालणार आहे. त्यांना विचारणार नाही, विचारलं तर ते पुन्हा पाहुण्यांवर घसरतील. आधार कार्डाची झेरॉक्स त्यांच्या सुनेनं कालच आणून दिली. ती म्हणाली, मामंजींना सांगू नका, आणि जमलं तर महिलांच्या यादीत माझंही लिहा.